कापलेला टीडीएस तुमचाच आहे, तो मागून घ्या

"बँकेनं टीडीएस कापलाय, म्हणजे माझा टॅक्स भरून झालाय की ओ. आता परत रिटर्न कशाला?"

सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या छोट्या ऑफिसात जून ते सप्टेंबर हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानं तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर. विचारणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, एसटीतून रिटायर झालेले मामा, पूर्व भागात चार-सहा माग चालवणारे अण्णा, नाहीतर नवऱ्याच्या मागे फॅमिली पेन्शनवर घर चालवणाऱ्या मावशी. मोठ्या पगारवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, त्यांच्याकडे सांगायला माणसं असतात. ज्यांचे आठ-दहा हजार अडकलेत आणि ज्यांच्या घरात त्या आठ-दहा हजारांची खरी गरज आहे, त्यांनाच कुणी सांगत नाही. २०२५ च्या गणपतीत, २०२४-२५ च्या रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरला संपत होती, तेव्हा हे सगळं सविस्तर लिहून काढलं.

आधी एसटीतल्या मामांचंच घ्या. पेन्शन महिन्याला साडेतीन हजार. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून अठरा लाख आले, ते त्यांनी बँकेत सात टक्क्यांनी ठेवले. वर्षाचं व्याज १,२६,०००. बँकेनं दहा टक्क्यांनी १२,६०० रुपये कापले. आता मामांचं वर्षाचं सगळं उत्पन्न मिळून १,६८,००० रुपये. एवढ्या उत्पन्नावर जुन्या (वजावटींच्या) किंवा नव्या (कमी दरांच्या), कोणत्याही करपद्धतीनं एक रुपयाही कर लागत नाही. मग बँकेनं कापले कसे? कारण बँकेला तुमचं एकूण उत्पन्न ठाऊक नसतं. तिला फक्त व्याजाचा आकडा दिसतो आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की कापणं तिला बंधनकारक आहे. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा राहते. वर्षाचा हिशेब रिटर्नमधून मांडला की जास्तीची परत येते. हिशेब मांडलाच नाही तर ती तशीच पडून राहते. तुमच्या वतीनं कुणीही ती मागायला जात नाही.

ही मर्यादा २०२५ मध्ये बदलली. २०२५ मध्ये आपण २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न भरत होतो. त्या वर्षात साठीच्या आतल्यांना एका बँकेतलं व्याज ४०,००० च्या वर आणि ज्येष्ठांना ५०,००० च्या वर गेलं की टीडीएस कापला जात होता. १ एप्रिल २०२५ पासून हे आकडे ५०,००० आणि १,००,००० झाले. सहकारी बँकेतल्या ठेवींनाही हेच लागू आहे. पॅन दिलेला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापतात. आणि मर्यादा ओलांडली की कर वरच्या रकमेवर नाही, पूर्ण व्याजावर कापला जातो. म्हणजे मामांचं १,२६,००० व्याज एकाच बँकेतलं असेल तर नव्या मर्यादेनंतरही त्यांचे पैसे कापले जाणारच.

त्यावर १९६१ च्या आयकर कायद्यातला उपाय फॉर्म १५एच. वय साठ पूर्ण असेल आणि वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर कर शून्य येणार असेल, तर हा फॉर्म बँकेत दिला की टीडीएस कापतच नाहीत. साठीच्या आतल्यांसाठी १५जी आहे, पण त्याला आणखी एक अट आहे. नुसता कर शून्य येऊन भागत नाही, व्याजाची बेरीजही मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावी लागते. फॉर्म दर आर्थिक वर्षाला नव्यानं द्यावा लागतो आणि प्रत्येक बँकेत वेगळा. एप्रिलमध्ये, पहिलं व्याज जमा होण्याआधी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सप्टेंबरमध्ये दिलात तरी पुढच्या तिमाहीचे पैसे वाचतील, आधी कापलेले मात्र रिटर्नमधूनच मागावे लागतील.

दुसरा घोळ बारा लाखांचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बजेट झालं, टीव्हीवर दिवसभर "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" चाललं. ते खरं आहे, पण २०२५-२६ साठी. म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षातल्या कमाईला, आणि त्याचं रिटर्न २०२६ मध्ये भरायचं. २०२४-२५ च्या रिटर्नला नव्या पद्धतीत कलम ८७ए ची सूट (ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणारी) सात लाखांपर्यंतच होती. पगारदार आणि पेन्शनर यांना त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावट, म्हणजे पगार किंवा पेन्शन ७,७५,००० पर्यंत असेल तर कर शून्य. नऊ लाख पगाराच्या एका झेडपी शिक्षिकेनं बारा लाखांच्या भरवशावर "मॅडम, मी यंदा रिटर्न नाही भरलं तर चालेल ना" असं फोनवर विचारलं, तेव्हा मी तिला त्याच दिवशी बोलावून घेतलं.

आणि २०२५-२६ चंही नीट समजून घ्या. बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो तो ८७ए ची सूट मिळते म्हणून. मूळ करमुक्त मर्यादा चार लाखच आहे. उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरणं बंधनकारक. शिवाय शेअर विकून झालेल्या नफ्यावर जो खास दरानं कर लागतो, त्याला २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत ही सूट मिळत नाही. जुळे सोलापुरात, होटगी रोडला, मोबाइलवर शेअर घेणारी पोरं भरपूर झालीत. त्यांच्या आईवडिलांनी हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

फॅमिली पेन्शनबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण या बायकांचं रिटर्न फार वेळा चुकीचं भरलेलं बघते. नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन कायद्याच्या नजरेत पगार नाही, ते "इतर उत्पन्न" आहे. त्यामुळे ७५,००० ची वजावट तिला लागत नाही. तिला पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,००० (जुन्या पद्धतीत १५,०००), यांतलं जे कमी असेल तेवढी वजावट मिळते. महिना २२,००० पेन्शन असेल तर वर्षाचे २,६४,०००, त्यातून २५,००० वजा, राहिले २,३९,०००. घाईत भरणारा माणूस हे पगाराच्या रकान्यात टाकतो, ७५,००० वजा करतो आणि मोकळा होतो. नंतर विभागाकडून फरकाची सूचना येते तेव्हा ती मावशींच्या नावावर येते. मावशी, तुम्ही रिटर्न ज्याच्याकडून भरून घ्याल त्याला "ही फॅमिली पेन्शन आहे" एवढं ठासून सांगा.

आता मूळ कामाकडे येते. रिटर्न कोणाकडूनही भरून घ्या, पण त्याआधी दोन कागद स्वतः बघा: २६एएस आणि एआयएस. दोन्ही आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये फुकट मिळतात. २६एएसमध्ये तुमच्या पॅनवर कोणी, कधी, किती टीडीएस जमा केला ते असतं. एआयएसमध्ये त्याहून बरंच जास्त: बचत खात्याचं व्याज, डिव्हिडंड, शेअरची खरेदी-विक्री, बचत खात्यात वर्षभरात दहा लाखांच्या वर रोख भरली असेल तर ती, तीस लाख किंवा त्याहून जास्त किमतीची जागा घेतली-विकली असेल तर ती. तुम्ही सांगा किंवा न सांगा, विभागाला हे आधीच दिसत असतं. कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा सून हे मोबाइलवर सहज काढून देईल. पासबुक समोर ठेवा आणि एकेक ओळ जुळवा. एखादी नोंद तुमची नसेल तर एआयएसमध्येच त्या ओळीवर तसं कळवायची सोय आहे.

हे जुळवणं का लागतं ते पूर्व भागातल्या माग चालवणाऱ्यांना विचारा. टॉवेल-नॅपकिनचं जॉब वर्क करणारे छोटे कारखानदार आहेत. मोठा कारखाना सूत देतो, हे विणून देतात, मजुरी बँकेत येते. मजुरीतून एक टक्का टीडीएस कापला जातो. वर्षाची मजुरी ९,६०,००० असेल तर ९,६०० रुपये. लाइटबिल, जॉबर, कांडीवाली बाई, सगळं जाऊन अण्णांच्या हातात तीन-साडेतीन लाख उरतात. कर शून्य, म्हणजे ९,६०० पूर्ण परत यायला हवेत. पण २६एएस उघडलं की तिथे सहा हजारच दिसतात. उरलेले गेले कुठे? बहुतेक वेळा कापणाऱ्याच्या अकाउंटंटनं पॅनमधला एखादा आकडा चुकवलेला असतो, नाहीतर एका तिमाहीचं टीडीएस विवरण भरायचंच राहिलेलं असतं. ही दुरुस्ती आपल्याला करता येत नाही. ती कापणाऱ्यानं, सुधारित विवरण भरून करायची असते. अण्णांना मालकाकडे जाऊन हे बोलायचा संकोच वाटतो, पुढचं काम जाईल अशी भीती असते. मी ते समजू शकते. म्हणून मी एक साधं पत्र लिहून देते: कोणती तिमाही, किती मजुरी, किती कापले, आमचा बरोबर पॅन हा. कागद समोर ठेवला की तक्रार केल्यासारखं वाटत नाही आणि काम होतं.

या लोकांनी आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म भरायचा, कलम ४४एडी खाली, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवून. पैसे बँकेतून आले असतील तर जमा रकमेच्या किमान सहा टक्के, रोखीनं आले असतील तर आठ टक्के नफा दाखवावा लागतो. हा किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवा. मी हे कायद्याच्या धाकानं सांगत नाही. नव्या मागासाठी कर्ज मागायला गेलात की बँक तीन वर्षांची रिटर्न मागते. घरातल्या कर्त्या माणसाचा अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याची कमाई किती होती याचा पुरावा म्हणून हेच रिटर्न पुढे ठेवलं जातं. तिथे ९,६०,००० चे नुसते सहा टक्के, म्हणजे ५७,६०० लिहिलेलं असेल तर घराला त्या आकड्यावर भांडावं लागतं.

रिफंड मंजूर होऊनही खात्यात येत नाही, असं आपल्या शहरात बरंच होतं आणि त्यामागे बहुतेकदा नाव असतं. तेलुगू घरांमध्ये पॅनवर आडनाव आधी, बँकेत फक्त इनिशियल, आधारवर तिसरंच स्पेलिंग. लग्न झालेल्या मुलींचं पॅन माहेरच्या नावानं, खातं सासरच्या. रिफंड ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर आधी प्रमाणित करावं लागतं आणि तिथे नाव जुळलं नाही की गाडी अडते. बँकांचं विलीनीकरण झालंय, आयएफएससी बदललेत, तोही तपासा. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय धरतात, रिफंड मिळत नाही आणि टीडीएस जास्त दरानं कापला जातो. सगळ्यांत शेवटी ई-व्हेरिफिकेशन. रिटर्न भरल्यापासून तीस दिवसांच्या आत आधार ओटीपीनं ते केलं नाही तर मुदतीत भरलेलं रिटर्नसुद्धा उशिराचं धरलं जातं, आणि कधीच केलं नाही तर ते भरलंच नाही असं होतं. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, तेही बघा. भरून देणाऱ्याचा नंबर असेल तर विभागाच्या नोटिसा त्याच्याकडे जातात, तुम्हाला पत्ताच लागत नाही.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून राग येतो. "रिफंड काढून देतो, आमचे वीस टक्के" असं सांगत कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या दारात फिरणारे लोक. कापलेला सगळा टीडीएस परत आणून दाखवतात. कसा? जुनी पद्धत निवडायची आणि कधीच न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, न झालेला आजार दाखवायचा. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असंही विभागानं तेव्हाच जाहीर केलं. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, वर व्याज. ओटीपी तुम्ही दिलेला असतो, म्हणून जबाबदारी तुमची. तो वीस टक्के घेऊन गेलेला माणूस फोन उचलत नाही.

असं तुमच्या नावावर झालं असेल तर २०२४-२५ च्या रिटर्नसाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होतं. मागच्या वर्षांसाठी अद्ययावत रिटर्न आहे, त्याची मुदत २०२५ च्या वित्त कायद्यानं वाढवून ४८ महिने केली. त्यात जादा कर द्यावा लागतो, पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्या वर्षात ५०, मग ६० आणि ७०. जितकं लवकर तितकं स्वस्त. नोटीस यायच्या आधी या.

शेतजमीन विकणाऱ्यांसाठीही थोडं लिहिते, कारण विजापूर रोड, अक्कलकोट रोड, पुणे रोड सगळीकडे प्लॉटिंग चाललंय आणि "शेतजमिनीला टॅक्स नसतो" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. अर्धं खरं आहे. ग्रामीण शेतजमिनीला भांडवली नफ्याचा कर नाही. पण ग्रामीण कशाला म्हणायचं ते शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गावाच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून सहा, त्यावर आठ किलोमीटर, एवढ्या पट्ट्यातली जमीन ग्रामीण धरत नाहीत. प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना २०११ ची, तिच्यात सोलापूर शहर साडेनऊ लाखांच्या आसपास होतं. म्हणजे आपल्याला सहा किलोमीटर. बार्शी एक लाखाच्या वर आहे, तिलाही सहा. पंढरपूर लाखाच्या किंचित खाली, म्हणून तिथे दोन. अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्यानं नाही, आणि महापालिकेच्या हद्दीपासून. हद्दवाढीत जी गावं आत आली त्यांची शिवारं हद्दीतच धरली जातात, तिथे आज ज्वारी उभी असली तरी. मोजणी हद्दवाढीच्या कडेपासून सुरू होते, सिद्धेश्वर मंदिरापासून नाही.

जमीन या पट्ट्यात येत असेल तर घाबरू नका, रस्ते आहेत. त्या जमिनीवर विकण्याआधी दोन वर्षं तुम्ही किंवा आईवडिलांनी शेती केली असेल आणि नफ्यातून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४बी खाली कर वाचतो. रिटर्नच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही तर पैसे बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात किंवा एफडीत ठेवलेले चालत नाहीत. वडिलोपार्जित जमिनीची किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावानं धरता येते, त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला काढा. हे सगळं खरेदीखत होण्याआधी विचारायला या. पैसे वाटून झाल्यावर हातात फार थोडं उरतं.

कायदाच बदलला, हेही कानावर आलं असेल. आयकर कायदा २०२५ वर २१ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. तो लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६, त्या दिवसापासून १९६१ च्या कायद्याची जागा तो घेतो. २०२४-२५ च्या रिटर्नशी त्याचा काही संबंध नाही. त्यातली एक गोष्ट मात्र मी काळजीनं बघत होते. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात असं होतं की मुदतीनंतर रिटर्न भरलं तर रिफंड मिळणार नाही. संसदेच्या निवड समितीनं ती अट काढायला सांगितली आणि अंतिम कायद्यातून ती गेली. आमच्या मामा-मावशींसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण मुदत चुकणारे बहुतेक तेच असतात.

तर मुदत चुकलीच, तर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. लेट फी उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००, त्यावर ५,०००. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्याच आत असेल तर फी नाही. फक्त उशिरा भरताना जुनी पद्धत निवडता येत नाही.

त्याहून जुनी वर्षं राहिली असतील तरी दार पूर्ण बंद नसतं. खरीच अडचण होती असं दाखवता आलं तर रिफंडसाठी विलंब माफीचा अर्ज करता येतो, संबंधित करनिर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. कोरोनात २०२१ च्या सुरुवातीला घरातला माणूस गेला, त्याच्या एफडीवर टीडीएस कापलेला होता आणि रिटर्न कोणी भरलंच नाही, अशी घरं मला ठाऊक आहेत. २०२०-२१ च्या त्या पैशांसाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत अर्ज करता येईल. आधी पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन, तुमचं पॅन, वारस दाखला आणि बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट एवढं घेऊन या. बँक जुनं सर्टिफिकेट द्यायला टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. २६एएस जुन्या वर्षाचंही निघतं, ते आपण इथेच काढू.